साथीच्या नोंदवहीत डॉक्टर कुठे असतो?

१८९७ च्या जानेवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले ज्येष्ठ फिजिशियन डॉ. मॅन्सर प्लेगने गेले. रोग थेट फुप्फुसात शिरला होता. त्यांची शुश्रूषा करणारी नर्स जॉइस हीदेखील त्यांच्यामागोमाग त्याच रोगाने गेली. फुप्फुसाच्या प्लेगचे नेमके वैद्यकीय वर्णन याच सुमारास याच रुग्णालयातल्या डॉ. चाइल्ड यांनी केले आणि ते पुढे जगभर वाचले गेले. रोगाची नोंद अशी चोख झाली. मॅन्सर गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वॉर्डात पाऊल टाकणारे डॉक्टर, विद्यार्थी आणि ड्रेसर मनात काय घेऊन आत गेले असतील, याला त्या वर्णनात जागा नव्हती. असायचे कारणही नव्हते.

साथीचा इतिहास आपल्याकडे तीन वाटांनी येतो : मेलेल्यांचे आकडे, सरकारचे कायदे आणि लोकांचा संताप. पुण्याचा प्लेग म्हटला की रँडसाहेब आणि २२ जून १८९७ ची रात्र आठवते. त्याच प्लेग कमिटीवर रँडबरोबर बेव्हरिज नावाचा लष्करी डॉक्टर होता आणि तो हाँगकाँगच्या प्लेगचा अनुभव घेऊन आला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. डॉक्टर या कथेत येतो तो एक तर सरकारचा हात म्हणून किंवा देवदूत म्हणून. घाबरलेला, चिडलेला, झोप उडालेला, घरी जायला कचरणारा माणूस म्हणून तो क्वचितच येतो. ‘बर्नआउट’ हा शब्द अमेरिकेत १९७४ मध्ये फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने रूढ केला आणि जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात कामाशी निगडित स्थिती म्हणून त्याचे स्पष्टीकरण दिले ते २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या अगदी उंबरठ्यावर. शब्द नवा आहे. अनुभव मात्र आमच्या कल्याणच्या फलाटाइतका जुना आहे.

मी शहाडला राहतो. कसाऱ्याच्या गाडीने कल्याणनंतरचे पहिले स्टेशन. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात. एक कर्जतवरून बोरघाटात, पुण्याकडे, आणि दुसरा शहाड, टिटवाळ्यावरून कसारा घाटात, नाशिककडे. मुंबईतून देशावर जाणारा माणूस कोणत्याही घाटाने चढणार असला तरी त्याला कल्याण ओलांडावेच लागे. १८९६ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ पावणेचार-चार लाख लोक मुंबई सोडून पळाले असा अंदाज आहे, आणि १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती होती आठ लाखांच्या थोडी वर. त्यातला मोठा लोंढा याच रुळांवरून गेला. साहजिकच सरकारने प्रवाशांच्या तपासणीचे मोठे ठाणे कल्याणला केले.

त्या तपासणीच्या कथा आपण ऐकतो त्या प्रवाशांच्या बाजूने, आणि ते योग्यच आहे. डब्यातून खाली उतरवायचे, ओळीने उभे करायचे, डोळे, जीभ, काखा, जांघा पाहायच्या, संशय आला की छावणीत ठेवायचे. बायाबापड्यांची विटंबना झाली, त्यावर वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने भरले. ओळीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूसही क्षणभर पाहायला हवा. तिथे गोरे लष्करी डॉक्टर होते, तसेच हाताखालचे एतद्देशीय हॉस्पिटल असिस्टंटही होते. पगार तुटपुंजा, अधिकार जवळजवळ नाही, आणि एकेका प्रवाशासाठी मिनिटभरसुद्धा नाही. तेवढ्यात ठरवायचे की हा साधा ताप की ‘ग्रंथिक सन्निपात’. चुकून सोडला तर रोग नाशिकला पोचला. चुकून अडकवला तर एक धडधाकट माणूस आजाऱ्यांच्या शेजारी नेऊन ठेवला. दोन्हीकडून पाप. त्यात समोरचा माणूस आपल्याच भाषेत गयावया करतो आहे. गोऱ्या अधिकाऱ्याला ती गयावया निदान कळत तरी नव्हती.

या नोकरीला कायद्याचे पाठबळ होते ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याचे. चार कलमांचा, पान-दीड पानात मावणारा हा कायदा. आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावायला मनाई, एवढे त्यात स्पष्ट होते. दाव्यापासून संरक्षण मिळाले. दगडापासून मिळाले नाही. ते मिळायला १२३ वर्षे लागली, पण तो भाग पुढे.

दगड आधीच पडू लागले होते. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेले. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे डॉक्टरच त्याला संपवतात, ही वदंता शहरभर होती. वदंता साफ खोटी होती असे म्हणून ती बाजूला सारता येत नाही, कारण इस्पितळात नेलेले बहुतेक जण खरोखरच परत येत नव्हते. फक्त त्याचे कारण वेगळे होते. पुढे ९ मार्च १८९८ ला मुंबईत मोठा दंगा झाला, त्याची ठिणगी पडली एका आजारी मुलीच्या तपासणीवरून. तपासायला गेलेल्यांत एक पारशी वैद्यकीय विद्यार्थी होता. ज्याचे शिक्षणही पुरे झालेले नाही अशा मुलाला साथीच्या तोंडी द्यायचे आणि जमावासमोर सरकारचा चेहरा म्हणून उभे करायचे, ही रीत आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. सव्वाशे वर्षांनी निवासी डॉक्टरांनी तीच जागा भरून काढली.

भीतीचे एक टोक पाहायचे तर थोडे दूर, व्हिएन्नाला जावे लागते. वाट मात्र आर्थर रोडवरूनच जाते. १८९७ मध्ये प्लेगचा अभ्यास करायला ऑस्ट्रियाचे एक पथक मुंबईत आले होते. त्यात हेर्मान म्युलर हा तरुण डॉक्टर होता. त्याने इथे शेकडो रोगी जवळून पाहिले आणि धडधाकट परतला. १८९८ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत, मुंबईहून नेलेल्या जंतूंवर काम चालू असताना तिथल्या बारिश नावाच्या सेवकाला लागण झाली. म्युलरने त्याची शुश्रूषा केली. बारिश गेला. मग म्युलरला ताप आला. आपल्याला काय झाले आहे हे त्या इमारतीत त्याच्याइतके कोणालाच कळत नव्हते. त्याने स्वतःला कोंडून घेतले, स्वतःच्या आजाराच्या नोंदी केल्या आणि बाहेरच्यांना निरोप द्यायला कागद खिडकीच्या काचेला लावले. २३ ऑक्टोबरला तो गेला. मागोमाग त्यांची नर्स अल्बिना पेखाही गेली. रोग नेमका माहीत असणे हे रोग्याला कधी कधी वरदान असते. डॉक्टर जेव्हा रोगी होतो तेव्हा तेच ज्ञान त्याच्या उशाशी बसून राहते. २०२० मध्ये स्वतःच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा खाली जाताना पाहणाऱ्या डॉक्टरांना म्युलर कोण हे ठाऊक नसेल, पण त्याची खिडकी ठाऊक होती.

पुण्यात हीच गोष्ट घरात शिरली. सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या माळ्यावर उपचाराची सोय उभी केली, आणि तिथे औषधपाणी करायला त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत होता. मुंढव्याच्या वस्तीतून पांडुरंग गायकवाड या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणले ही कथा सर्वांना माहीत आहे. त्यातूनच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. या प्रसंगावर महाराष्ट्रात भरपूर लिहिले गेले, पण ते सारे सावित्रीबाईंवर. मला यशवंतरावांकडे पाहावेसे वाटते. आई आपल्याच दवाखान्यात, आपल्याच रोग्यापासून घेतलेल्या रोगाने जाते. त्या काळी ना लस हाताशी, ना औषध. डॉक्टर असून मुलाला करता येण्यासारखे फारच थोडे होते. काही वर्षांनी यशवंतरावही प्लेगचे काम करतानाच गेले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. दोन मृत्यूंच्या मधल्या वर्षांत त्यांनी कसे दिवस काढले असतील, यावर एखादी कादंबरी मराठीत व्हायला हवी होती.

या काळात मनाच्या पडझडीची एक स्पष्ट नोंद मात्र सापडते, तीही एका ओळीची. वाल्देमार हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ ला मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यातल्या तोकड्या जागेत त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि तीन महिन्यांत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे. त्या तीन महिन्यांत त्यांच्या मदतनिसांपैकी एक जण मानसिकदृष्ट्या पार कोलमडला आणि दोघे काम सोडून गेले, ही ओळ पाठ्यपुस्तकात नाही. ती चरित्रांतून येते आणि पुढच्या वाक्यात लस यशस्वी होऊन जाते. कोलमडला तो कोण, पुढे त्याचे काय झाले, तो सावरला का? साथ जिंकणाऱ्याचे नाव राहते. साथीत मोडलेल्याचे काम तेवढे राहते.

हाफकिन हे स्वतः डॉक्टर नव्हते. जीवाणुशास्त्रज्ञ होते, परके होते, ज्यू होते, आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या गोऱ्या डॉक्टरांना हे तिन्ही खुपत होते. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि म्हणून हाफकिनांवर आला. त्यांना कामावरून दूर केले गेले. बाटली गावात उघडताना हाताळणीत चूक झाली होती, मुंबईत नव्हे, हे पुराव्यांतून दिसत असूनही निर्दोषत्व मान्य व्हायला १९०७ साल उजाडले, आणि तेही रोनाल्ड रॉससारख्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर आवाज उठवल्यावर. हाफकिन परत हिंदुस्थानात आले ते कलकत्त्याला. लस बनवायची पूर्वीसारखी मोकळीक त्यांना मिळाली नाही. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते गेले आणि पुन्हा त्या क्षेत्रात फारसे रमले नाहीत. परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले १९२५ मध्ये. नाव देणे सोपे असते. पाच वर्षे संशयाखाली काढलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा उभा राहत नाही. रोगाची भीती डॉक्टर पचवतो, थकवाही पचवतो. चांगल्या हेतूने केलेल्या कामाबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे त्याला आतून खाते, आणि हाफकिनांचे उरलेले आयुष्य याचा दाखला आहे.

१९१८ च्या मानमोडीच्या तापाबद्दल थोडक्यात सांगतो. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ माणसे मेली. महायुद्ध संपत आले होते आणि लष्करी वैद्यकीय सेवेतले पुष्कळसे डॉक्टर मेसोपोटेमिया आणि इतर आघाड्यांवर गेलेले होते. उरले त्यांच्यावर शहर आणि जिल्हे पडले, आणि स्वयंसेवी संस्थांनी दारोदार औषधे वाटली. साथ काही आठवड्यांत ओसरली, इतक्या वेगाने की कोणाला कशाचा विचार करायला सवड झाली नाही. तेव्हाचे खेडोपाडीचे डॉक्टर त्या आठवड्यांविषयी पुढे फारसे बोलले नाहीत, निदान छापील मराठीत तरी.

आता आमच्या भागात येऊ. शहाड हे सलग गाव राहिलेले नाही. रुळांच्या एका अंगाला उल्हासनगर, जुन्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधी निर्वासित येऊन वसलेले; दुसऱ्या अंगाला कल्याण-डोंबिवली. दोन महापालिका, मध्ये रेल्वे, कडेला उल्हास नदी आणि सेंचुरी रेयॉनची चिमणी. इथला माणूस आजारी पडला की आधी जातो तो गल्लीतल्या गाळ्यात. पाटीवर बीएएमएस किंवा बीएचएमएस, क्वचित एमबीबीएस. दहा बाय बाराची जागा, पडद्यामागे एक टेबल, कंपाउंडर म्हणून शेजारचीच एक बाई. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय किंवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय हे दुसरे पाऊल. साथीत हे पहिले पाऊलच सर्वांत उघडे होते, कारण तापाचा रोगी ‘कोविडचा रोगी’ ठरण्याआधी याच टेबलासमोर बसलेला असे.

महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले. १३ मार्चला राज्याने तोच १८९७ चा कायदा लागू केला, दुसऱ्या दिवशी नियम आले. २२ मार्चच्या संध्याकाळी आपण टाळ्या-थाळ्या वाजवल्या. मग दोन गोष्टी एकदम झाल्या. पुष्कळ खाजगी दवाखाने बंद झाले, कारण एन-९५ मास्क आणि पीपीई किट बाजारातून गायब होते आणि गल्लीतल्या डॉक्टरला ते सरकारी पुरवठ्यातून मिळत नव्हते. आणि महापालिकांनी दवाखाने उघडे ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल करू, अशा नोटिसा काढल्या. ६ मे रोजी मुंबईतल्या ५५ वर्षांखालच्या खाजगी डॉक्टरांना कोविड रुग्णालयांत किमान पंधरा दिवस काम करण्याचा आदेश निघाला, न केल्यास परवान्यावर कारवाईचा इशारा होता. ज्या देशात वीर म्हणून फुले उधळली जात होती, त्याच देशात डॉक्टरला नोटीस लावून कामावर आणावे लागत होते. यात सरकारचीच सगळी चूक होती असे मी म्हणणार नाही. दवाखाने बंद राहिले तर बाळंतीण, मधुमेही, हृदयरोगी कुठे जाणार? पण हुकमाबरोबर मास्क आला असता तर त्या हुकमाचा अर्थ वेगळा झाला असता.

मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे एक प्रसंग घडला. मुंबईतल्या इस्पितळांत काम करणाऱ्या नर्स, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ, डॉक्टर यांच्यातले हजारो जण कल्याण-डोंबिवलीत राहतात. घर परवडते ते इथे. इथल्या वाढत्या रुग्णांत मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे असे दिसल्यावर, मुंबईत अत्यावश्यक सेवेत असणाऱ्यांनी ८ मेपासून रोज परत येऊ नये, त्यांची सोय मुंबईतच व्हावी, असे महापालिकेने ठरवले. कर्मचाऱ्यांनी आणि राजकीय पक्षांनी गदारोळ केल्यावर पाऊल मागे घ्यावे लागले. १८९७ मध्ये कल्याणने मुंबईहून पळणाऱ्यांना अडवले होते. २०२० मध्ये त्याच कल्याणने मुंबईच्या रोग्यांची सेवा करून घरी येणाऱ्यांना अडवायचे ठरवले. प्रशासनाचे गणित चुकीचे नव्हते. पण बारा तासांची ड्यूटी करून आलेल्या नर्सला आपल्याच गावाची वेस बंद होते आहे हे कळले तेव्हा काय वाटले असेल, याचा रकाना त्या गणितात नव्हता. जिन्यात वाट सोडून उभे राहणारे शेजारी, लिफ्ट वापरू नका म्हणणारी सोसायटी, भाड्याची खोली सोडायला सांगणारे मालक, या गोष्टी शहरोशहरी घडत होत्याच. चेन्नईत एप्रिलमध्ये कोविडने गेलेल्या एका डॉक्टरचे दफनही जमावाने दगड मारून रोखले. त्याच आठवड्यात, २२ एप्रिलला, केंद्राने वटहुकूम काढून जुन्या कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद घातली. ती ही १२३ वर्षे.

याच महापालिकेने पुढे एक चांगले कामही केले. खाजगी फॅमिली डॉक्टरांना धमकावण्यापेक्षा सोबत घेतले. ‘डॉक्टर आर्मी’ असे नाव देऊन तापाचे दवाखाने, पाळ्या आणि कोविड केंद्रे यांत त्यांना गुंफले. डोंबिवलीच्या क्रीडा संकुलात आणि भिवंडीजवळच्या टाटा आमंत्रामध्ये मोठी केंद्रे उभी राहिली. २०२१ मध्ये स्मार्ट सिटी स्पर्धेचा कोविडविषयक नवकल्पनांचा पुरस्कार कल्याण-डोंबिवली आणि वाराणसीला विभागून मिळाला. माझ्या मते यात मनाच्या आरोग्याचाही एक धडा होता, जो कोणी तसा मांडला नाही. एकट्याने गाळ्यात बसून मरणाची वाट पाहणे आणि चार जणांनी पाळी लावून तेच काम करणे, यात धोका जवळपास तेवढाच असतो, पण रात्र वेगळी जाते.

तरीही गल्लीतला डॉक्टर मुख्यतः एकटाच राहिला. घरात शिरण्यापूर्वी जिन्यात कपडे बदलायचे, बादलीत टाकायचे, आंघोळ करून मगच आत जायचे. म्हातारे आईवडील असतील तर दवाखान्यातच पथारी. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, भीतीची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली. फोन रात्री दोनला वाजे : बेड आहे का, रेमडेसिविर मिळेल का, स्कोअर सोळा आला आहे. डॉक्टरकडे यातले काहीच नव्हते. वीस वर्षे ज्या कुटुंबाचे ताप उतरवले त्याला ‘मी काही करू शकत नाही’ हे सांगणे त्याच्या वाट्याला आले. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २२ रुग्ण गेले. तिथले डॉक्टर आणि परिचारिका दाब कमी होत जाणारे व्हेंटिलेटर पाहत एका खाटेवरून दुसरीकडे धावत होते. अशा अनुभवाला जोनाथन शे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवर काम करताना एक नाव दिले, त्याचा अर्थ ‘विवेकाला झालेली जखम’ असा सांगता येईल. भय ओसरते. ही जखम शांततेच्या काळात दुखायला लागते.

साथीच्या काळात डॉक्टरांच्या मनःस्थितीवर जगभर आणि आपल्याकडेही पुष्कळ पाहण्या झाल्या. जीवनमानाचा दर्जा मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात. शरीर, मन, नाती आणि परिसर अशा चार बाजूंनी ती विचारते : झोप पुरेशी होते का, आयुष्याला अर्थ आहे असे वाटते का, गरजेपुरता पैसा आहे का, सुरक्षित वाटते का. प्रश्न चांगले आहेत. अडचण उत्तर देणाऱ्यांची आहे. टाळेबंदीत बहुतेक पाहण्या मोबाइलवरच्या फॉर्मवर झाल्या आणि तो भरला मोठ्या रुग्णालयांतल्या, महाविद्यालयांशी जोडलेल्या डॉक्टरांनी. शहाडच्या गाळ्यातला बीएएमएस डॉक्टर त्या आकड्यांत जवळजवळ नाही. आणि ‘माझ्यामुळे घरचे कोणी आजारी पडले तर?’ हा त्या दोन वर्षांतला सर्वांत मोठा प्रश्न कोणत्याही जुन्या प्रश्नावलीत नव्हता. मुळात ती साथीसाठी केलेलीच नव्हती.

डॉक्टर स्वतःच्या मनाबद्दल बोलत नाहीत, याला कारण आहे. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातल्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन स्वतः कोविडमधून उठून पुन्हा कामावर गेल्या, कोलमडल्या, आणि २६ एप्रिल २०२० ला त्यांनी जीवन संपवले. मानसिक उपचार घेतल्याचे कळले तर आपली वैद्यकीय कारकीर्द संपेल, ही धास्ती त्यांना होती असे कुटुंबीयांनी सांगितले. त्यांच्या नावाने अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा झाला. आपल्याकडे परवान्याची धास्ती तेवढी नाही, गल्लीची आहे. ज्या डॉक्टरकडे साठ घरे जातात, तो स्वतः मानसोपचारतज्ज्ञाच्या जिन्यावर दिसला तर त्या साठ घरांत दुसऱ्या दिवशी चर्चा होणार.

मेलेल्या डॉक्टरांची मोजणी तरी झाली का? सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत केंद्राने सांगितले की अशी माहिती केंद्र पातळीवर ठेवली जात नाही, आरोग्य हा राज्याचा विषय आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनने संतापून ३८२ डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने राज्यसभेत १६२ हा आकडा दिला. संघटनेचा आकडा तेव्हा ७३४ होता. दुसऱ्या लाटेत संघटनेच्या हिशेबाने आणखी आठशेच्या आसपास गेले. आणि ही यादी मुख्यतः आधुनिक वैद्यकाच्या पदवीधरांची. आयुर्वेद-होमिओपॅथीची पाटी लावून तापाचे रोगी तपासणारे त्यात येतच नाहीत.

आकड्यांतला हा फरक नुसत्या हिशेबाचा नव्हता. मार्च २०२० च्या अखेरीस केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचे विमा कवच जाहीर केले. खाजगी डॉक्टर त्यात बसत, पण सरकारने कोविडच्या कामासाठी त्यांची सेवा ‘मागवून घेतली’ असेल तरच. नवी मुंबईत खाजगी दवाखाना चालवणारे एक आयुर्वेदिक डॉक्टर जून २०२० मध्ये कोविडने गेले. महापालिकेने ३१ मार्चला त्यांना दवाखाना उघडा ठेवण्याची नोटीस दिली होती, न ठेवल्यास गुन्ह्याचा इशारा होता. त्यांच्या पत्नीने विम्याचा दावा केला. उत्तर आले : नोटीस दवाखाना उघडण्याची होती, कोविडच्या कामासाठी बोलावण्याची नव्हती. ९ मार्च २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयानेही हेच मान्य केले. म्हणजे हुकूम होता, पण बोलावणे नव्हते. तापाचा रोगी दारात आला तर त्याला ‘तू कोविडचा आहेस की साधा?’ असे विचारून मगच डॉक्टरने स्टेथोस्कोप लावायचा होता, असा त्याचा अर्थ निघतो. कल्याणच्या फलाटावरच्या हॉस्पिटल असिस्टंटला निदान सरकारी नोकर तरी म्हणत होते.

११ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ फेटाळला. साथरोग कायदा, राज्याचे नियम, महापालिकांचे आदेश, आणीबाणीची ती परिस्थिती, हे सारे एकत्र वाचले तर डॉक्टरांची सेवा मागवून घेतली गेली होती असेच म्हणावे लागेल, असा निर्णय दिला. प्रत्येक दावा मात्र पुराव्यावर ठरेल, आणि डॉक्टर कोविडच्या कामात असतानाच गेले हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची.

साडेपाच वर्षांनंतरचा पुरावा म्हणजे काय, हे ज्याने असा गाळा आतून पाहिला आहे त्याला कळेल. दवाखान्यात रोग्यांची वही असते, तीही सगळ्यांकडे नाही. कित्येक ठिकाणी केसपेपर रोग्याच्याच हाती देतात. त्या महिन्यांत संसर्गाच्या भीतीने कागद हाताळणे टाळले जात होते. औषध तोंडी सांगायचे, चिठ्ठी मोबाइलवर पाठवायची. डॉक्टर गेल्यावर गाळा भाड्याने दिला गेला, पाटी उतरली, मोबाइल नंबर बंद झाला. एप्रिल-मे २०२० मध्ये त्या टेबलासमोर तापाने फणफणलेले कोण कोण बसले होते, ते आता फक्त त्या रोग्यांनाच आठवत असणार, आणि त्यांना शोधत दारोदार फिरायचे आहे त्या डॉक्टरांच्या बायकामुलांनी.